कुंभारकावळ्याची काडी

आमच्या घरात माय आणि मोठे काका एकमेकांशी कधी बोलले नाहीत, आणि त्यांचं भांडणही कधी झालं नाही. थोरल्या दिरासमोर तोंड उघडायचं नाही, ही तेव्हाची रीत. काका अंगणात आले की मायचा पदर नाकापर्यंत खाली यायचा. पण एका घरात राहायचं म्हणजे निरोप तर द्यावेच लागतात. मग माय चुलीपुढून मला म्हणायची, "सुमे, सांग बाई काकांना, आंघोळीचं पाणी तापलं म्हणावं." काका तिथेच ओट्यावर बसलेले असत, त्यांना शब्दन्‌शब्द ऐकू आलेला असे. तेही वर न बघता म्हणत, "सांग तुझ्या मायला, येऊन राहिलो म्हणावं." मधे मी नुसती उभी. मी घरात नसले तर माय मांजराला सांगायची, मांजर नसलं तर भिंतीला. एकदा तिने "सांग रे ढवळ्या, जेवण वाढलंय म्हणावं" असं बैलाला सांगितलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. आज माझ्या सुना-भाच्यांना हे सांगितलं तर त्या हसून लोळतात. मीही हसते. पण या रीतीने आमच्या गावात एकदा जे काम केलं, ते पंचांनाही जमलं नसतं, म्हणून तो सगळा प्रकार लिहून ठेवते आहे.

आमचं गाव गोरेगावच्या पलीकडे, ओढ्याच्या काठाला. हिंगोली जिल्हा तेव्हा अजून झालेला नव्हता, कोर्टकचेरीचं काम निघालं की थेट परभणी गाठावी लागे. बाकी सगळं गोरेगावच्या बाजारात मिळायचं. काका बाजाराला जीपने जायचे आणि येताना जिलबीचा पुडा आणायचेच. कागदाला तेल आणि पाक दोन्ही लागलेला असायचा, आणि तो कागद चाटायचा मान माझा. काकू मी कळती व्हायच्या आधीच गेल्या होत्या, काकांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे त्यांचा जो काही लाड होता तो सगळा माझ्या वाट्याला आला. बा म्हणजे माझे वडील, ते कामाला वाघ आणि बोलायला मुके. घर चालायचं काकांच्या शब्दावर. नांगरट कधी, पेरणी कधी, मूग तोडायचा कधी, सगळं काका ठरवायचे आणि बा करायचे.

काका मनाने लोण्याचे, पण डोक्यात एकदा किडा शिरला की मग देवाचंही ऐकायचे नाहीत. टिटवी आपली अंडी परिसाने फोडते असं कुणीतरी सांगितलं, तर एक अख्खा उन्हाळा त्यांनी माळावर टिटव्यांच्या मागे घालवला. घरातले खिळे, विळे, उलथनं खिशात घालून जायचे, न जाणो कुठल्या दगडाला लागून सोनं झालं तर! सोनं झालं नाहीच, मायचं उलथनं मात्र हरवलं ते हरवलं. "सांग बाई काकांना," माय म्हणाली, "भाकर आता हातानं उलटून राहिले म्हणावं." काकांनी पुढच्या बाजारी गुपचूप नवं उलथनं आणलं.

ओढ्याच्या अलीकडे, आमच्या शेताच्या कोपऱ्यात बोरी आणि चिल्हारीची एक जाळी होती. चिल्हारीचे काटे आकड्यासारखे वाकडे. एकदा कपडा धरला की फाडल्याशिवाय सोडत नाहीत. त्या जाळीत कुंभारकावळ्याची जोडी राहायची. शाळेत गुरुजी त्याला भारद्वाज म्हणायचे आणि अंगणात सगळे कुंभारकावळाच म्हणायचे. अंगाने काळाभोर, पंख विटेसारखे तांबडे, डोळे लालबुंद. उडण्याचा मोठा कंटाळा, चालत-चालतच जाळीत शिरायचा, घरचा कारभारी वाड्यात शिरावा तसा. आणि आवाज असा की रिकाम्या घागरीच्या तोंडाशी कुणी 'कूप कूप कूप' करतंय. पावसाळ्यात सकाळी तो आवाज आला की माय भाकरी थापता थापता हात जोडायची, पिठाच्या हातांनीच. त्याचं दर्शन शुभ. कुणी सोयरीक बघायला निघालं की आधी आमच्या बांधावरून चक्कर मारून जायचं. त्याला कुणी दगड मारत नसे, कोंबडीसारखा अंगाने भरलेला असूनही कुणी त्याला खात नसे. आणि एवढ्या मानाच्या पाखराच्या पिल्लाला आमच्याच माणसांनी साखळी घातली, तीही त्याच्याविषयी असलेल्या श्रद्धेपायीच.

झालं असं की बाजारात कुणीतरी काकांच्या कानाशी लागलं. कुंभारकावळ्याला एक मुळी ठाऊक असते. तिच्या काडीने लोखंड तुटतं. ती काडी ज्याच्याकडे, त्याला कुठलंच कुलूप अडवत नाही, आणि धान्याच्या कणगीत ठेवली तर कणगी रिकामी होत नाही. पण पाखरू ती उगाच आणत नाही. त्याच्या पिल्लाच्या पायात लोखंडी साखळी घालायची. मग आई-बाप रानोमाळ फिरून ती काडी आणतात, साखळीला लावतात, साखळी तुटते, पिल्लू सुटतं. काडी घरट्यात राहते. मग ते घरटं सोडवून एकेक काडी वाहत्या पाण्यात टाकायची. जी काडी उलटी, प्रवाहाच्या वर जाईल, तीच ती.

काकांनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे लहान पोरासारखे चमकत होते. "सुमे, कुनाला बोलू नगं," ते म्हणाले, "काडी सापडली ना, तर पयलं तुझ्या शाळेचं कुलूप उघडून दाखवतो." मलाही त्या वेळी गंमतच वाटली. करडाच्या गळ्यातली बारीक साखळी काढून ते जाळीत शिरले, अंगावर गोणपाट पांघरून. आत गवताचा आणि पानांचा मोठा गोळा, त्याला बाजूने तोंड. आत पिल्लं होती. इतकं कुरूप लेकरू मी जन्मात बघितलं नव्हतं. काळी कातडी, त्यावर म्हाताऱ्याच्या हनुवटीसारखे पांढरे केस, आणि त्यातून पिसांचे खुंट फुटायला लागलेले. काकांनी सगळ्यात धाकटं पिल्लू धरलं, साखळीची शेवटची कडी उघडून त्याच्या पायात घातली, दातांनी दाबून बंद केली, आणि दुसरं टोक बोरीच्या खोडाला गुंडाळलं. पिल्लाने चोच उघडून सापासारखा फुत्कार टाकला. माझी गंमत तिथेच संपली.

पाखरू काय आणतं यावर पाळत ठेवायला माणूस हवं होतं, आणि काकांना शेतात काम. मग शाळेच्या आधी आणि शाळेनंतर मला बांधावर बसवलं गेलं. सोबतीला शेंगदाणे आणि गूळ. संध्याकाळी काका विचारायचे, "काय आनलं आज?"

"बेडूक."

"आन काय?"

"सरडा."

"पाला-बिला? मुळी?"

"न्हाई काका. नाकतोडा आनला."

रोज हेच. सरडा, बेडूक, गोगलगाय, एकदा तर सापाचं पिल्लू, चोचीत दोरीसारखं लोंबणारं. आई-बाप दोघंही आळीपाळीने यायचे आणि त्या कुरूप लेकरांच्या तोंडात घालायचे. मुळीसाठी म्हणून मला बसवलं होतं, आणि मी त्या घराच्या प्रेमात पडले. बाप आधी बांधावर उभा राहून चारी बाजूंनी बघायचा, मग कुणी बघत नाही असं पाहून मान खाली घालून आत जायचा. मी बघत असायचे, पण मला त्याने माणसांत धरलं नसावं. मग हळूहळू पिल्लं मोठी झाली, काळी-तांबडी पिसं आली, आणि एकेक करत घरट्यातून बाहेर पडून जाळीत फांद्यांवर चढायला शिकली. धाकटं तेवढं आतच. भावंडांच्या मागे निघायचं, साखळी ताणली की तोंडघशी पडायचं. पाय सुजला होता. कडीच्या खाली कातडी सोलून लाल झाली होती आणि त्यावर माशा बसायला लागल्या होत्या. आई त्याच्यासाठी बेडूक घेऊन यायची आणि त्याला 'चल, चल' म्हणावं तसं मागे सरकत राहायची. ते पुढे यायचं आणि पडायचं.

मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, "पाय सुजला म्हंजे आता आनंलच बघ काडी. आईचा जीव हाय." मी बाला सांगितलं. बा बैलांना पेंड चारत होते, त्यांनी नुसती मान हलवली. "दादाच्या मधी पडू नगं," एवढंच बोलले. मायला मी काहीच सांगितलं नाही. मायला सांगून काय उपयोग, ती काकांशी बोलतच नाही, असा माझा हिशोब. पोरींना आपल्या आया फार उशिरा कळतात.

मग बाजाराचा दिवस आला. काका जीपने गोरेगावला गेले, बा निंदणीच्या बायांमागे हळदीच्या वाफ्यात. मी विहिरीवरच्या इंजिनाच्या पेटीतली पक्कड घेतली, काकांचं गोणपाट घेतलं आणि भर दुपारी जाळीत शिरले. चिल्हारीने मला ओरबाडून काढलं. घरट्यापाशी पोचले तेव्हा आई-बाप दोघं डोक्यावर येऊन असे गुरगुरायला लागले की मी गोणपाट डोक्यावर ओढून घेतलं. पिल्लू गोणपाटात धरलं, आणि त्याच क्षणी त्याने मागून काळ्या पाण्याची जी पिचकारी मारली, ती थेट माझ्या परकरावर. तो वास मी कसा सांगू! मेलेलं काहीतरी नासलेल्या ताकात भिजवावं तसा. पण मी सोडलं नाही. पकडीने कडी फाकवायची म्हणजे पायाच्या अगदी जवळ, हात हलला तर हाडच मोडायचं. मी मारुतीचं नाव घेतलं, बाप्पाचं घेतलं, शेवटी गुरुजींचंही घेतलं. कडी कुरकुरली, फाकली आणि सुटून माझ्या तळहातावर पडली. पिल्लू क्षणभर तसंच बसून राहिलं. त्याला वाटत होतं आपण अजून बांधलेलोच आहोत. मग त्याने एक पाऊल टाकलं. पडलं नाही. दुसरं टाकलं. आणि मग लंगडत, धडपडत, फांदीला चोचीने धरत ते जे जाळीत घुसलं ते आईपाशी जाऊन थांबलं. मी त्या काट्यांत बसून रडले आणि हसले. आज इतक्या वर्षांनी, आयुष्यात केलेल्या चांगल्या कामांची यादी मनात करायला बसले तर हेच सगळ्यात आधी आठवतं, आणि माझी मान आजही ताठ होते.

कडी परकराच्या नेफ्यात खोवली आणि घरी येऊन परकर न्हाणीत फेकला. मायने नाकाला पदर लावला, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, ओरबाडलेल्या हातांना हळद-तेल लावलं आणि काही विचारलं नाही. रात्री जेवायला तरोट्याची भाजी होती आणि काकांनी आणलेली जिलबी. मी दोन्ही भरपूर खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका जाळीत गेले आणि तिथूनच ओरडले. असा ओरडा मी फक्त बैल विहिरीत पडला होता तेव्हा ऐकला होता. साखळी बोरीला लोंबत होती, शेवटची कडी नव्हती, आणि पिल्लू नव्हतं. "तुटली! साखळी तुटली! काडी आनली पाखरानं!" काका नाचतच गावात आले, डोक्यावर ते घरटं, जणू परडी घेऊन निघालेला भुत्या. अख्खं गाव मागे. मी ओट्यावर बसून तोंडात परकराचा बोळा कोंबून हसत होते. हसू कसं येणार नाही? पिल्लू सुटलं, काका खूश, आणि खरं काय ते फक्त मला ठाऊक!

पण मग शेजारचे गणपतभाऊ म्हणाले, "अरे, माझ्या बांधावर बी घरटं हाय की! कालच आवाज ऐकला."

"खालच्या पांदीत बी हाय एक," दुसरा म्हणाला.

"साखळी आन रे घरून, करडाची आन!" गणपतभाऊंनी पोराला पिटाळलं.

मी तोंडातला बोळा काढला. एक पिल्लू सोडवलं म्हणून मी फुशारले होते, आणि माझ्याच हाताने फाकवलेल्या कडीमुळे आता शिवारातल्या प्रत्येक घरट्यात साखळी पडणार होती. काडी मिळो न मिळो, पिल्लं तर मरणारच. सोडवायला मी कुठे कुठे पुरणार? खरं सांगावं तर काकांच्या विरुद्ध जायचं, भर गावात. आणि न सांगावं तर ते लंगडणारं लेकरू डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

सगळे ओढ्यावर जमले. ओढा चांगला वाहत होता. बाया धुणं सोडून उभ्या राहिल्या, माय त्यांच्यात, पदर नाकापर्यंत. काका गुडघाभर पाण्यात उतरून घरटं उसवू लागले आणि एकेक काडी देवाला फूल वाहावं तशी पाण्यावर सोडू लागले. काडी जायची खाली. पुढची. तीही खाली. लोक काठावर वाकून बघत. आणि मग एक काडी मोठ्या दगडाजवळ पोचली, थबकली, गर्रकन फिरली आणि निघाली वरच्या अंगाला! "उलटी! उलटी चालली!" काठावर एकच कल्ला झाला. एक म्हातारा रडायला लागला. त्या दगडामागे भोवरा आहे आणि आम्ही पोरं त्यात रोज पळसाच्या पानांच्या होड्या उलट्या फिरवतो, हे त्या क्षणी आम्हा पोरांनाही आठवलं नाही. काकांनी काडी झडप घालून धरली आणि कपाळाला लावली. कुणाच्या तरी सायकलचं कुलूप पुढे आलं. काकांनी काडी लावली. कुलूप हललं नाही. "अमावास्येला उघडंल," काका म्हणाले. "व्हय, अमावास्या लागतेच," गणपतभाऊ म्हणाले. तोवर त्यांचा पोरगा साखळी घेऊन धापा टाकत आला होता.

त्याच्या हातातली साखळी बघितली आणि मी पाण्यात उतरले. "काका," मी म्हणाले, "कडी म्या तोडली. पकडीनं. काल, तुमी बाजाराला गेलता तवा."

मग कुणीतरी हसलं. "पोरगं हाय, कायबी बोलून राहिलं." काकांचा चेहरा मात्र लाल झाला. "सुमे, खोटं काहून बोलतीस?"

"खोटं न्हाई. कडी हाय माझ्यापाशी."

"दाखव मग."

मी नेफ्यात हात घातला. कडी नव्हती. परकर वेगळा होता. कालचा धुण्यात गेला होता! मी नेफा चाचपत राहिले, चारी बाजूंनी हसू वाढत गेलं, आणि गणपतभाऊ साखळी खांद्यावर टाकून त्यांच्या बांधाकडे वळलेही. मला वाटलं, संपलं.

आणि तेवढ्यात बायांमधून आवाज आला. "सुमे."

माय होती. पदर तसाच नाकापर्यंत, मान खाली, नजर पाण्यावर. पण आवाज इतका मोठा की पलीकडच्या काठावरचे गुराखीसुद्धा थांबले.

"सुमे, सांग बाई तुझ्या काकांना," माय म्हणाली, "काल तुझ्या परकराला पिल्लाच्या घाणीचा वास येत व्हता म्हणावं. राखेनं घासला, शिककाईनं घासला, आजून गेला न्हाई म्हणावं. कुनाला पटत नसंल तर दांडीवर वाळत घातलाय, जाऊन हुंगा म्हणावं."

मी काकांकडे वळले.

"आन सांग त्यांना," मायने पदराचं टोक पुढे घेतलं, गाठ दातांनी सोडवली, "हे नेफ्यात सापडलं म्हणावं. त्यांच्या साखळीला लागतं का बघा म्हणावं."

तिच्या तळहातावर कडी होती. मी ती घेतली आणि काकांपुढे धरली. काकांनी कंबरेला खोचलेली साखळी काढली. तिला कडी लावून बघायचीही गरज नव्हती, एकाच साखळीची होती ती, त्यांच्या दातांची खूण अजून तिच्यावर होती. काका एकदा कडीकडे बघत होते, एकदा हातातल्या काडीकडे.

आता हसू फुटलं ते खरं. आधी बाया हसल्या, मग पोरं, मग तो रडणारा म्हाताराही. कुणीतरी काठावरून काकांना ओरडून विचारलं, "दौलतराव, पाखरानं काय आनलं?" आणि बांधावरची आमची रोजची प्रश्नोत्तरं ऐकलेलं एक कार्टं किंचाळलं, "सरडा!" मग काय विचारता! 'काय आनलं? सरडा!' याने ओढा दणाणला. गणपतभाऊंनी साखळी खांद्यावरून काढून धोतराच्या सोग्यात लपवली आणि करडू शोधायच्या निमित्ताने पोराला घेऊन निघून गेले. त्यानंतर आमच्या शिवारात कुणी कुठल्या जाळीपाशी रेंगाळताना दिसलं की पोरं लांबूनच ओरडायची, "काय आनलं?" त्या एका प्रश्नाने जेवढी घरटी राखली, तेवढी कुठल्या पहाऱ्याने राखली नसती. मला तर त्या संध्याकाळी इतका आनंद झाला होता की घरी येऊन मी ढवळ्याच्या गळ्यात पडले.

काकांनी मला मारलं नाही. काही दिवस ते मी समोर आले की तंबाखू मळायचे. मायचे निरोपही मी दबकतच सांगायचे. मग एका सकाळी त्यांनी मला हाक मारली, "सुमे, हात दाखव." तळहातात चिल्हारीचा काटा मोडून राहिला होता, तो पिकला होता. त्यांनी सुई तापवली, काटा काढला, फुंकर मारली. "बाप्ये मानसं गोणपाट घेऊन बी घाबरत्यात त्या जाळीला," ते म्हणाले. एवढंच. त्या बाजारी जिलबी परत आली. आणि पावसाळा संपता संपता एक लंगडा कुंभारकावळा आमच्या बांधावर चालताना दिसू लागला. उजवा पाय जरा ओढायचा, पण ऐट कारभाऱ्याचीच.

काका सुधारले, त्यांचा त्या काडीवरचा विश्वास गेला, असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. काका म्हणजे काका. "ती काडी भोवऱ्यातून हातात आली तवा थोडी गरम व्हती," असं ते पुढे कितीतरी वर्षं सांगायचे. पण त्या जाळीला त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. सरपणाला कुणी बोरीची फांदी तोडली तर आरडाओरडा. शेळ्या चरायला सोडल्या तर दगड. मी मनाशी म्हणायचे, म्हातारा अजून मुळीच्या आशेवर बसलाय.

पुढे माझं लग्न झालं, मी हिंगोलीला आले, शाळेत लागले. एका श्रावणात पंचमीला माहेरी गेले होते, कडेवर लेक होती, नुकती चालायला लागलेली. घराच्या चाव्या एव्हाना मायच्या कंबरेला आल्या होत्या. काका पार वाकले होते. त्याच दिवसांत शेतांमधल्या पांदीचा रस्ता रुंद करायला जेसीबी आला. रस्ता थेट आमच्या जाळीवरून जाणार होता. बा म्हणाले, जाऊ द्या, गावाचं काम आहे. काका काठी टेकत गेले आणि जाळीच्या तोंडाशी, चिखलात, मांडी घालून बसले.

ड्रायव्हर परका होता, हिंदीत बोलत होता. "चाचा, हटो." काका हलले नाहीत. गाव जमलं. गणपतभाऊही आले, तेही म्हातारे झाले होते. सरपंच म्हणाले, "दौलतकाका, उठा. रस्ता समद्यांचा हाय."

"हाय की," काका म्हणाले. "पर आत लेकरू हाय. त्याला चालता येऊ द्या, मग या. न्हाईतर रस्ता इकडून घ्या, माझ्या वावरातून. घ्या वाटंल तेवढी जागा."

आतून 'कूप कूप कूप' आलं. आणि गर्दीतून एक नवंच पोर, ज्याला ओढ्यावरची गोष्ट त्याच्या बापाने सांगितली असणार, हळूच म्हणालं, "काय आनलं?" गणपतभाऊ हसले, तेच पुढे होऊन ड्रायव्हरला म्हणाले, "इधर से लो भैया, इधर से." जेसीबीने तोंड फिरवलं. आमच्या गावाला जाताना ओढ्याअलीकडे रस्ता विनाकारण वळतो, आणि नवीन माणूस विचारतो की सरळ जागा असताना हे वळण कशाला. ते हे वळण. ती जाळी आजही तिथे आहे.

त्या दुपारी काका ओट्यावर बसून पायाचा चिखल धूत होते. मी त्यांना चिडवायला म्हणाले, "काय काका, काडीसाठीच बसला व्हता ना?"

त्यांनी आधी दोन्ही पाय नीट पुसले. मग म्हणाले, "काडी हाय का न्हाई, देवाला ठाव. पर समज असली. तरी ती पाखरानं आपल्या लेकरासाठी आनली असती ना बाई? आपली कशी व्हईल ती?"

चुलीपुढे भाकरीची थाप थांबली. मायने मागे वळून बघितलं नाही. मला वाटलं आता मलाच सांगेल, मी सवयीने पुढे झाले, पण तिने माझ्या लेकीकडे बघितलं. निरोप्याची माझी नोकरी गेली होती.

"बाळे, सांग बाई आजोबांना," माय म्हणाली, "आज अगदी बराबर बोलले म्हणावं."

लेक दुडूदुडू काकांपाशी गेली आणि त्यांच्या धोतराला धरून उभी राहिली. काकांनी तिला मांडीवर घेतलं. "सांग तुझ्या आजीला," ते म्हणाले, "ती कडी आजून ठेवली का म्हणावं?"

मायने हाताचं पीठ पुसलं. तिने कंबरेचा चाव्यांचा जुडगा काढला आणि आमच्याकडे पाठ करूनच एकदा वाजवला. चाव्यांच्या मधे, घासून घासून चांदीसारखी झालेली, ती कडी होती.